शक्य आणि योग्य

अमेरिकेंत २००५ सालीं सुरू झालेल्या ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या ॲनिमेशन मालिकेवर माझे विद्यार्थी मोठ्या हिरिरीनें वाद घालतात. पालकांनीं त्यास रिकामटेकडेपणा समजूं नये. तिच्यांतील जादूला नियम आहेत: पौर्णिमेस जलविद्या बळावते, सूर्यग्रहणांत अग्निविद्या लोपते. पृथ्वीविद्या जाणणारी अंध टॉफ धातूंतील मातीचे कण ओळखून धातूची पेटी फाडते. मग रक्तांतील पाण्याच्या योगें माणूस कां हालवितां येऊं नये? तर्क बिनचूक आहे, आणि मालिकेंत तसें घडतेंही. परंतु मित्रांना वांचविण्यासाठीं ती विद्या वापरावी लागतांच कटारा रडूं लागते. मुलांनो, नियमांवरून पुढील पायरी शोधणें ही बुद्धीची उत्तम तालीम होय. मात्र ‘करतां येईल काय?’ यानंतर ‘करावें काय?’ हेंही एकमेकांस विचारीत जा.