बोलता येईल इतकेच

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या मुलाच्या धावण्याची सूत्रे मी स्वतःकडे घेतली. रोज पहाटे स्टॉपवॉच घेऊन मी भुईगावच्या किनाऱ्यावर उभा राहत असे. आज कालच्यापेक्षा वेगात, हा एकच माझा नियम. एमिल झाटोपेकने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके जिंकली. सरावात तो ४०० मीटर वेगाने पुनःपुन्हा धावे, हे मला पाठ होते. दोन वेगवान फेऱ्यांच्या मध्ये तो सावकाश धावून दम घेई, हे मात्र मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

तीन महिन्यांत मुलाची नडगी दुखू लागली. डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली. मी तिला आळस म्हटले. त्या दिवशी त्याने बूट माळ्यावर टाकले आणि माझ्याशी बोलणेही टाकले.

त्या अबोल्याच्या दिवसांत न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डविषयी माझ्या वाचनात आले. बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्या या माणसाने आपली पद्धत आधी स्वतःवर पारखली. प्रथम कित्येक आठवडे लांब पल्ल्याची, धाप न लागणारी धाव, मग चढण, वेग अगदी शेवटी. पीटर स्नेल हा ८०० मीटरचा धावपटू, पण त्यालाही ऑकलंडच्या डोंगररस्त्यांवर २२ मैल धावावे लागे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्गने ५,००० मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी मिळवले. संथ, दीर्घ धावेने हृदय दर ठोक्याला अधिक रक्त पुरवू लागते. हाडे मात्र सावकाशच बळकट होतात. त्यांना घाई सोसत नाही. वेग योग्य असल्याची खूणही साधी आहे: धावताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे.

ते वाचून मी पुस्तक मिटले. माझ्याबरोबर धावताना मुलाला एक शब्द तरी बोलता आला होता का?

नडगी बरी झाल्यावर मी त्याला म्हटले, “चूक माझी होती. उद्या माझ्याबरोबर येशील?”

“पप्पा, तुम्हाला धाप लागेल.”

“मग तू हळू धाव.”

पहिले दोन दिवस आम्ही मुकाट्याने धावलो. तिसऱ्या दिवशी सुरूच्या बनाजवळ त्याने स्वतःहून सांगितले, “त्या वेळी दुखण्यापेक्षा तुमचीच भीती जास्त वाटायची.”

मला उत्तर सुचले नाही. धाप लागली नव्हती, तरीही.