'द विंड्स ऑफ विंटर'ला, भालकीहून

प्रिय 'द विंड्स ऑफ विंटर',

कादंबरीमालिकेतला तुझ्या आधीचा भाग १२ जुलै २०११ ला आला. त्यानंतर टीव्हीवरची मालिका तुला मागे टाकून पुढे गेली आणि मे २०१९ मध्ये संपलीसुद्धा. तू मात्र अजून लेखकाच्या टेबलावरच आहेस. घरात मराठी, कचेरीत कानडी आणि बाजारात दखनी बोलणारा माझ्यासारखा बिदरकडचा वाचक तुला इंग्रजीत वाचणार, म्हणजे सावकाश, पेन्सिल हाती घेऊन. तरी तुझी ओढ कमी होत नाही. उत्तरेकडची ती बर्फाची भिंत, तिच्यापलीकडून येणारा मृत्यू, आणि अलीकडे सिंहासनासाठी एकमेकांचे गळे कापणारी घराणी. ते सगळं तिथंच अडकून पडलंय.

ओढीइतकीच काळजीही आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मनात मुळात तीन पुस्तकं होती. पहिलं १९९६ मध्ये आलं. आता सात ठरली आहेत आणि तू सहावं. तिसरं एवढं वाढलं, की ब्रिटनमध्ये त्याची कागदी बांधणीची आवृत्ती दोन खंडांत काढावी लागली. चौथं तर लिहितानाच हाताबाहेर गेलं. मग पात्रांची वाटणी करून त्याची दोन पुस्तकं झाली. काही माणसं २००५ मध्ये भेटली, उरलेल्यांसाठी २०११ उजाडावं लागलं. तुझ्याबद्दल २०२२ मध्ये मार्टिन म्हणाले, हस्तलिखिताची अकराशेच्या आसपास पानं झाली, अजून चार-पाचशे राहिली. पुढच्या वर्षीही आकडा अकराशेच्याच घरात होता.

जाड पोथीला मी भीत नाही. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात, भीमेच्या काठी गाणगापूर आहे. तिथल्या गुरूंची कथा सांगणारं सरस्वती गंगाधरांचं 'गुरुचरित्र' आमच्याकडे घरोघरी वाचलं जातं. पन्नासाहून जास्त अध्याय, सात हजारांवर ओव्या. पण सप्ताहाला बसलेल्या माणसाला कुठवर वाचायचं ते ठाऊक असतं. रोजचे अध्याय ठरलेले. कुठल्या दिवशी दहा-बारा, कुठल्या दिवशी तीनच. सातव्या दिवशी ग्रंथ पुरा होतो.

त्यातली एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, कारण ती आमच्या बिदरची आहे. नवव्या अध्यायात कुरवपूरचा एक परीट नदीवर राजाचा थाट पाहतो आणि त्याच्या मनात राज्याची इच्छा उठते. श्रीपाद श्रीवल्लभ त्याला वर देतात : पुढच्या जन्मी तू वैदुरानगरीत, म्हणजे बिदरला, राजा होशील, आणि तेव्हा आपली भेट होईल. मग तो परीट पोथीतून नाहीसा होतो. मध्ये चाळीस अध्याय जातात. किती भक्त, किती चमत्कार, किती गावं. आणि पन्नासाव्या अध्यायात बिदरचा मुसलमान राजा मांडीवरच्या फोडाने हैराण होऊन गाणगापूरला येतो. नृसिंह सरस्वती, म्हणजे श्रीपादांचाच पुढचा अवतार, त्याला परीट म्हणूनच ओळखतात, त्याला मागचा जन्म आठवतो, फोड बरा होतो. गुरूंची कीर्ती त्यामुळे आणखी पसरते, आणि लोकांपासून गुप्त व्हायचं ठरवून ते श्रीशैलाकडे निघतात. नवव्यात दिलेला शब्द पन्नासाव्यात पाळला जातो, आणि पाळला जाताच ग्रंथ शेवटाकडे वळतो. मोठ्या अद्भुत ग्रंथाकडून मला हेच हवं असतं. इतकी पानं वाचल्यावर तो परीट परत भेटला पाहिजे.

तुझ्या मागच्या भागांत असे परीट फार झाले आहेत. प्रत्येक पुस्तकात नवा किनारा, नवं घराणं, नवा राजपुत्र. जुन्यांचे शब्द तसेच लोंबकळत आहेत. पानं त्यामुळे वाढतात आणि पानं वाढली की तू लांबतोस, असं मला वाटतं. त्या भिंतीवरचा जॉन स्नो बर्फात पडला तो पडलेलाच आहे.

आणखी एक स्वार्थ आहे, तो मराठीचा. टोल्किनची कथा १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघाली, ती युद्धानंतरच्या कागदाच्या महागाईमुळे. लेखकाने एकच कादंबरी लिहिली होती. मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून ती मराठीत आणली, तेव्हा कथेला अंत होता आणि अनुवादकाला आपण कुठवर चालणार हे दिसत होतं. ज्या मालिकेचा शेवट लेखकाच्याही हाती लागलेला नाही, ती मराठीत आणायला कुणी आयुष्याची किती वर्षं द्यावीत? आमच्या औरादच्या मराठी शाळेतल्या मुलाला ती भिंत आणि तुझ्या कथेतले ड्रॅगन त्याच्या भाषेत कधी भेटणार?

तेव्हा ये. पंधराशे पानांचा असलास तरी ये, दोन खंडांत आलास तरी चालेल. फक्त पुन्हा पात्रांची वाटणी करू नकोस; सगळ्यांची अर्धी वाट आधी सांग, उरलेली नंतर. नवं घराणं आणू नकोस. आणि ज्यांना शब्द दिला आहे त्यांच्यापैकी निदान काहींचा हिशेब तुझ्याच पानांत पुरा कर, सातव्यावर ढकलू नकोस.

तुझा,
भालकीचा एक वाचक