सहा तासांचे दूध

आमच्या घराण्यात अन्न काय, औषध काय, काहीही टाकून देणे म्हणजे पाप. उरलेल्या भाताला फोडणी मिळे, शिळ्या पोळीचा कुस्करा होई आणि टूथपेस्टची रिकामी नळीसुद्धा लाटण्याखालून जाई. या धर्माची आजची कट्टर उपासक म्हणजे माझी थोरली बहीण, आक्का. ती अजिंठा गावात असते.

गेल्या पावसाळ्यात तिच्या पित्ताशयाचे ऑपरेशन छत्रपती संभाजीनगरला झाले. भूल देणारी डॉक्टर निघाली माझीच जुनी विद्यार्थिनी. अकरावीला माझ्याकडे मराठी शिकलेली. संध्याकाळी ती खोलीत डोकावली, तेव्हा आक्का चांगली सावध झाली होती.

"काय गं, मला दुधाचं इंजेक्शन दिलंस का? बाटलीत बरंच उरलं होतं. त्याचं काय केलंस?"

"टाकलं, मावशी."

आक्काला ऑपरेशनपेक्षा या उत्तराच्याच वेदना अधिक झाल्या असाव्यात.

मग त्या मुलीने सांगितले. त्या पांढऱ्या औषधाचे नाव प्रोपोफोल. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. आणि नुसते तेल शिरेत सोडता येत नाही. म्हणून सोयाबीनच्या तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात पसरवायचे आणि ते एकत्र येऊ नयेत यासाठी अंड्याच्या बलकातले लेसिथिन घालायचे. १९८६ साली हे औषध या रूपात बाजारात आले.

"अंडं? आणि तेही चातुर्मासात!" आक्काने कपाळाला हात लावला.

बंद बाटली तिच्यावरच्या तारखेपर्यंत खुशाल टिकते. तिला बर्फात मात्र गोठवायचे नाही; थेंब फुटून एकमेकांना मिळतात आणि तेल वेगळे होते. पण झाकण उघडले की हिशेब बदलतो. तेल आणि लेसिथिन हे जंतूंना पक्वान्नच. म्हणून सिरिंजमध्ये भरलेले औषध सहा तासांत संपवायचे किंवा टाकायचे, असा जुना दंडक आहे. काही बाटल्यांवर बारा तास लिहिलेले असतात. एका रुग्णाची बाटली दुसऱ्याला मात्र कधीच नाही.

घरातले दूध नासले तर फाटते, आंबूस वास येतो. बिचारे आपण होऊन सांगते. हे दूध काहीच सांगत नाही. जंतू वाढले तरी ते तसेच पांढरेशुभ्र दिसते. अमेरिकेत १९९० ते १९९३ या काळात सात रुग्णालयांत ऑपरेशननंतर रुग्णांना जंतुसंसर्ग झाला. शोध घेता घेता माग या औषधाच्या निष्काळजी हाताळणीपर्यंत गेला. पुढे १९९६ साली तिथे जंतूंची वाढ मंदावणारे द्रव्य त्यात घालू लागले; तरी घड्याळाचा नियम राहिलाच.

आक्काच्या गावापासून लेणी फार दूर नाहीत. कित्येक शतके ती झाडीआड विस्मृतीत होती. १८१९ साली जॉन स्मिथ तिथे पोचला आणि जगाला ती उघडी झाली. मग माणसे आली, त्यांचे श्वास आले, ओल आली. १९२० नंतर चित्रे टिकावीत म्हणून इटालियन तज्ज्ञांनी लाखेचा लेप दिला; पुढे तोच पिवळा पडला. रंग एका दिवसात उडाले नाहीत, म्हणून आज काही बिघडले असे कोणत्याच दिवशी कुणाला वाटले नसेल. न दिसणारी हानी अशीच असते.

आक्काचे समाधान मात्र झाले नव्हते. "उरलेलं पुढच्या एखाद्या गरिबाला दिलं असतं, तर त्याचे चार पैसे वाचले असते," ती म्हणाली.

मुलगी शांतपणे म्हणाली, "मावशी, तुमच्या आधीच्या रुग्णाचं उरलेलं तुम्हाला चाललं असतं?"

आक्का गप्प झाली. तिला गप्प झालेली मी फार थोड्या वेळा पाहिले आहे.

तिची काटकसर अजून आहे आणि ती असावीच. फोडणीचा भात आजही अप्रतिम होतो. मात्र तिच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटलीवर आता एक चिठ्ठी चिकटवलेली असते आणि तिच्यावर, आक्काच्या ठसठशीत अक्षरात, बाटली उघडल्याची तारीख.