खांबावरचा दिवा

मागच्या दोन वीकएंडना इथे काही लिहिलं नाही. कारण सांगितलं तर हसाल. एका खांबावरच्या दिव्यामागे लागलो होतो.

मिहानमध्ये नोकरी करणाऱ्या बऱ्याच पोरांसारखा मीही नागपूरच्या हद्दीबाहेर राहतो. फ्लॅटचं भाडं परवडतं आणि ऑफिस पंधरा मिनिटांवर. गावाचं नाव सांगत नाही, उगाच कुणाला तरी वाईट वाटायचं. तशीही मिहानभोवतीची ही सगळी गावं आता एकसारखीच दिसतात. मधे जुनं गाव, मारुतीचं देऊळ, पानठेला आणि चारी बाजूंनी शेतांवर पडलेले लेआउट. आमच्या गावात आधी ग्रामपंचायत होती, आता नगर पंचायत आहे. पाटी बदलली, रंग बदलला. पानठेला तोच आहे.

तर गोष्ट अशी. २०२५च्या दिवाळीला आई-बाबा गावाहून आले होते. आमचं गाव आर्वी तालुक्यात, वर्धा जिल्हा. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई दूध आणायला खाली उतरली. लेआउटच्या तोंडाशी एक वळण आहे. तिथे खांब आहे, खांबावर दिवा आहे, दिव्यात उजेड नाही. त्या दिवशी नालीवरची एक फरशीही कुणीतरी उचलून बाजूला ठेवलेली. आईचा पाय गेला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

दुसऱ्या दिवशी तणतणत नगर पंचायतीत गेलो. खिडकीवरचे भाऊ शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "तुमचं लेआउट आमच्याकडे हस्तांतरित झालंच नाही ना भाऊ. दिवे लेआउटवाल्यानं लावले. आम्ही कसा हात लावणार?" लेआउटवाला फोनवर म्हणाला, प्लॉट विकले, माझं काम संपलं. वीजवाल्यांचं म्हणणं, तारेतली वीज आमची, दिवा आमचा नाही.

आमच्याकडे एखादं तिकीट असं तीनदा या टीमकडून त्या टीमकडे फिरलं की मॅनेजर सगळ्यांना एका कॉलवर बसवतो. इथे तो कॉल कुणी लावायचा तेच कळेना.

मग रात्री बसून कायदा वाचला. (हो, आमच्यासारख्यांना राग आला की आम्ही डॉक्युमेंटेशन वाचतो.) आणि थक्क झालो. रस्त्यावरचा दिवा चक्क आपल्या राज्यघटनेत आहे! ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ला अमलात आली. तिने बारावी अनुसूची जोडली. नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांची ती यादी. त्यात १७व्या क्रमांकावर सार्वजनिक सोयी आहेत आणि त्यात पहिलंच नाव रस्त्यावरच्या दिवाबत्तीचं. पुढे वाहनतळ, बसथांबे, स्वच्छतागृहं. महाराष्ट्राचा नगर परिषदा आणि नगर पंचायतींचा १९६५चा अधिनियम तर सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणं हे कर्तव्यच मानतो.

आता ग्यानबाची मेख 'सार्वजनिक' या एका शब्दात आहे. शेताचं लेआउट होतं, प्लॉट विकले जातात, घरं उभी राहतात, माणसं राहायला येतात. पण रस्ते रीतसर ताब्यात दिले-घेतले जाईपर्यंत आमचा रस्ता कागदावर सार्वजनिक होतच नाही. म्हणजे आई ज्या नालीत पडली ती नाली अजून व्हायचीच आहे!

घटनेत नगर पंचायतीची व्याख्याही सुंदर आहे. ग्रामीणकडून नागरीकडे संक्रमण होत असलेल्या क्षेत्रासाठी नगर पंचायत. संक्रमण. आम्ही सगळे त्या शब्दात राहतो. ऑफिसच्या गेटच्या आत गेलं की रस्ता गुळगुळीत, दिवे लख्ख, झाडांना पाणी. मिहानचं नियोजन २००२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे आहे, तिथे कुणाला विचारायचं ते ठाऊक असतं. रात्रीच्या शिफ्टची कॅब तिथून निघते आणि पंधरा मिनिटांत संक्रमणात शिरते.

आईला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या गावात खांबावरचा लाईट गेला का तुझे बाबा सरपंचाच्या दारात जाऊन बसते. दुसऱ्या दिवशी लाईट लागते." खरंच आहे. गावात ग्रामसभा असते, वर्षातून किमान चार. २६ जानेवारीला कुणीही मतदार उठतो आणि सरपंचाला भर सभेत विचारतो. गावाचं शहर झालं की ही सभा जाते. सतरा नगरसेवक येतात, त्यांच्या बैठका होतात, पण तिथे तुम्ही-आम्ही उठून बोलायची सोय नाही. सुधारणा झाली म्हणायची आणि बोलायची जागा गेली.

असो. म्हटलं, ठीक आहे, नगरसेवकाला गाठू. नोव्हेंबरात निवडणुकीची धामधूम सुरू झालीच होती. कित्येक ठिकाणी चार-चार वर्षं प्रशासक बसल्यावर नगर परिषदा आणि नगर पंचायतींच्या निवडणुका लागल्या होत्या. मतदान २ डिसेंबरला. एका संध्याकाळी एका उमेदवाराचा कार्यकर्ता मतदार यादी घेऊन आमच्या बिल्डिंगमध्ये आला. मी दार उघडून लगेच दिव्याचं सुरू केलं. तो यादीत बोट फिरवत होता.

"नाव नाही तुमचं."

"माझं नाव गावी आहे."

"अस्सं." त्याने यादी मिटली आणि वरच्या मजल्याकडे निघाला. मी जिन्यातून ओरडलो, "अहो, पण दिव्याचं काय?" तो वळून म्हणाला, "सांगतो ना साहेबांना." आवाजात राग नव्हता, तिरस्कार नव्हता. त्याला फक्त वेळ नव्हता. आमच्या बिल्डिंगमध्ये २४ फ्लॅट आहेत. त्याच्या यादीत सापडली ती पाच घरं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही रोज कचरा टाकतो, पाणी वापरतो, त्यांच्या रस्त्यावर गाड्या चालवतो, त्यांच्याच नालीत पडतो. पण कागदावर आम्ही नाहीच. या निवडणुकीचे प्रभागही २०११च्या जनगणनेवर पाडले होते, कारण त्यानंतर जनगणना झालीच नाही. २०११ला आमच्या बिल्डिंगच्या जागी तूर होती. म्हणजे जनगणनेत तूर, मतदार यादीत पाच घरं आणि तक्रार करणारा मी. ज्या सिस्टिममध्ये माझं लॉगिनच नाही, तिथे माझं तिकीट कोण उघडणार?

आणि यात चूक माझी आहे, हे कबूल करायला मला तीन दिवस लागले. चार वर्षं इथे राहतोय. नोव्हेंबर २०२४मध्ये विधानसभेला मत द्यायला मी मोठ्या ऐटीत गावी गेलो होतो, बोटावरच्या शाईचा फोटो काढला होता. इथला पत्ता गॅससाठी बदलला, बँकेसाठी बदलला, पिझ्झासाठी तर पहिल्याच दिवशी. मतासाठी नाही बदलला. आई पडली त्या दिवशी अर्ज भरला असता तरी उशीरच झाला असता, कारण या निवडणुकीला १ जुलै २०२५ची यादी धरली होती. २ डिसेंबरला ऑफिसला सुट्टी होती. मी घरी वेब सिरीज बघितली.

डिसेंबरात बिल्डिंगमधल्या लोकांनी वर्गणी काढली, घरटी दोनशे रुपये. इलेक्ट्रिशियन बोलावला आणि गेटच्या मीटरवरून वायर ओढून वळणावर एक एलईडी लावला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. मीही अंगठा दिला. पण ऑफिसात आम्ही याला वर्कअराउंड म्हणतो आणि वर्कअराउंडचा धोका सगळ्यांना माहीत असतो. त्रास थांबला की मूळ बग कुणी बघत नाही. आमच्या दिव्याच्या पलीकडे पन्नास पावलांवर बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्या आहेत. तिथे अजून अंधार आहे. त्यांचं मीटर नाही, वर्गणी नाही, आणि यादीत नाव तर नाहीच.

मागच्या वीकएंडला गावी गेलो. आईचं प्लास्टर निघालंय, पण जड उचलवत नाही. जेवताना सांगितलं की नाव तिकडच्या यादीत हलवतोय, फॉर्म ८ भरायचाय. बाबांचा घास हातातच राहिला. "म्हणजे गावातून नाव कापणार?" एवढंच बोलले. त्यांच्या लेखी ते रेशनकार्डातून नाव जाण्यासारखं आहे, घरातून जाण्यासारखं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डात एक-एक मत मोजतात आणि त्या मोजणीत माझं मत त्यांनी कायम धरलेलं असतं. मला काही सुचेना. आई वाढता वाढता म्हणाली, "टाकू द्या नाव तिकडं. अंधार तिकडं आहे तर मत इकडं ठेवून काय करते पोरगं?"

बाबा काही बोलले नाहीत. निघताना मात्र त्यांनी गावच्या जुन्या यादीचा कागद आणून दिला, नाव आणि क्रमांकावर खूण केलेला. "फॉर्मात लागंल," म्हणाले.

काल रात्री फॉर्म भरला. आता बीएलओ येऊन पत्ता बघून जाईल. २०२७ची जनगणना येतेच आहे, तेव्हा दारावर येणाऱ्याला चहा पाजणार आहे. आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलंय की पुढच्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन पार्किंगमध्ये बसतो, ज्यांना फॉर्म ८ भरायचा त्यांनी जुना मतदार क्रमांक घेऊन यावं. आतापर्यंत तीन अंगठे आलेत. झोपड्यांकडे ग्रुप नाही. तिकडे उद्या स्वतःच जाऊन येतो.