खोपोलीची सहल आणि मुक्कामाचा हिशेब

खोपोलीजवळचा इमॅजिका हा पार्क २०१३ साली सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी त्याला लागून वॉटर पार्कही आले. तेव्हापासून दर सुट्टीत आमच्या घरी मुलांची एकच मागणी. तिकिटाचा आकडा ऐकून मी विषय टाळीत असे. अखेर २०२३ च्या मे महिन्यात पतपेढीतून थोडी रक्कम उचलली आणि दोन दिवसांचा बेत ठरला. आम्ही उभयता, दोन मुले, बहिणीची मुलगी आणि माझी आई. आईचे गुडघे दुखतात.

तिकिटाचा दर ठरलेला असतो, तिथे आपली अक्कल चालत नाही. ती चालते मुक्कामाच्या बाबतीत, आणि नेमका तिथेच मी चुकलो. ओळखीने लोणावळ्यात एक खोली नऊशे रुपये कमी दराने मिळाली. हवा थंड आणि नकाशावर अंतर बोटभर. बी.कॉम. झालेला माणूस मी, वजाबाकी केली आणि खूश झालो. पण मध्ये बोरघाट आहे, हे त्या वजाबाकीत नव्हते. द्रुतगती मार्गावर रिक्षा चालत नाही म्हणून मोटार ठरवावी लागली, दिवसभर थांबण्याचे पैसे वेगळे. शनिवारी रात्री घाट चढताना ट्रकांच्या रांगेत अडकलो. ओल्या कपड्यांतली मुले मांडीवर झोपून गेली. वाचलेले नऊशे मोटारीतच गेले, वर आणखी पडले.

पैशाचे एक वेळ सोडा. आई मात्र दिवसभर बाकावर पिशव्या सांभाळीत बसून होती. खोली घाटावर, तिने जायचे कुठे? विचारले तर म्हणाली, “मला काय होतंय, तुम्ही फिरा.” हे वाक्य आपल्या घरोघरी ऐकू येते आणि आपण ते खरे मानतो.

२०२५ मध्ये पुन्हा गेलो तेव्हा आधी खोलीचा विचार केला, तोही जी पाळण्यात बसणार नव्हती तिच्या सोयीने. पार्कच्या फाटकालगत २०१५ पासून हॉटेल आहे. तान्हे मूल बरोबर असेल आणि एकाच रात्रीचा प्रश्न असेल तर ते महाग असूनही परवडू शकते. आम्हा सहा जणांना दोन खोल्या घेणे शक्य नव्हते. म्हणून खोपोली गावातच साधा लॉज पाहिला. कर्जतहून लोकलने पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करीत शेवटच्या खोपोली स्टेशनावर उतरायचे. पार्क खोपोली-पाली रस्त्यावर आहे आणि तिथे रिक्षा जाते.

पैसे देण्यापूर्वी मी फोनवर चार गोष्टी विचारल्या. खोली तळमजल्यावर आहे का? जादा गाद्या किती मिळतील? दुपारी बाराला खोली सोडल्यावर सामान ठेवू देता का? आणि चौथी, कपडे वाळत घालायला जागा आहे का? काउंटरवरचा माणूस हसला. पण वॉटर पार्कमध्ये नायलॉनचेच कपडे लागतात, आणि सहा जणांचे ओले कपडे न्हाणीघराच्या एका खिळ्यावर मावत नाहीत.

एक सांगायचे राहिले. तिसरा दिवस हाताशी असेल आणि मळवलीला उतरून कार्ले-भाजे लेणी पाहायची असतील, तर ती रात्र लोणावळ्यालाच काढावी. तेव्हा घाट एकदाच चढावा लागतो.

या खेपेला दुपारी सौ. आईला रिक्षाने खोलीवर सोडून आली. रात्री आम्ही परतलो तेव्हा आई जेवून, पाय लांब करून बसली होती. मुलांचे ओले कपडे तिने स्वतः पिळून दोरीवर टाकले. मग मला म्हणाली, “उद्या मलाही त्या पाण्यात पाय बुडवायचेत. सकाळी लवकर नेशील ना?”