औटकी

माझ्या टेबलाच्या खणात एक लाकडी फूटपट्टी आहे. तिच्या एका कडेला इंच आहेत, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. कोपरे झिजले आहेत, आकडे पुसट झाले आहेत; पण पट्टी अजून सरळ आहे. चौतीस वर्षे मी जमाखर्चाच्या कचेरीत काढली. तेवढ्या काळात या पट्टीने किती रेघा ओढल्या असतील, याचा हिशेब मलाही देता येणार नाही. रेघा ओढण्याखेरीज तिने आणखी एक काम केले आहे. ते मात्र मला नीट आठवते, आणि आठवले म्हणजे मी उघडलेला खण पुन्हा लावून टाकतो.

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत आमची नात साताऱ्याला आली. आम्ही तिला छकुली म्हणतो. ती चौथीत आहे. तिचे आईवडील पुण्याला नोकरी करतात. त्यांची सुट्टी चार दिवसांची आणि हिची तीन आठवड्यांची. तेव्हा वसुबारसेपर्यंत ती आजोळी राहणार, असे ठरले होते. माझी मुलगी तिला सोडायला आली ती दोन पिशव्या घेऊन. एकीत कपडे आणि दुसरीत वह्या. गणित, मराठी, परिसर अभ्यास, इंग्रजी. प्रत्येक विषयाची सुट्टीतल्या अभ्यासाची वेगळी वही, आणि प्रत्येक वहीला वेगळ्या रंगाचे कव्हर.

"बाबा, हिचा अभ्यास तेवढा घ्या. रोज थोडा थोडा." ती म्हणाली. मग उंबऱ्याशी चपला घालताना, माझ्याकडे न बघता तिने पुढे जोडले, "आणि ती पट्टी खणातच राहू द्या."

"अगं, चहा तरी घेऊन जा," म्हणत आमची सौ. बाहेर आली आणि विषय तिथेच संपला. निदान त्या दोघींपुरता संपला.

आता पुष्कळ वाचकांना औटकी म्हणजे काय, हे सांगावे लागेल. औट म्हणजे साडेतीन. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे असत. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर असणाऱ्या जगात त्यांचा फार उपयोग होता. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, मागोमाग किलो आणि मीटर आले, आणि या पाढ्यांचे काम संपले. मी त्या वेळी शाळेत नुकताच जाऊ लागलो होतो. आमच्या गुरुजींच्या कानावर मात्र ही बातमी उशिरा गेली असावी. त्यांनी आम्हांला औटकीपर्यंत नेऊनच सोडले.

मला वाटे, ज्याला औटकी येते त्याचे आयुष्यात कुठेही अडणार नाही. म्हणून १९९० च्या दिवाळीत मी माझ्या मुलीला औटकी पाठ करायला बसवली. तीही तेव्हा चौथीतच होती. तिच्या पुस्तकात हा पाढा नव्हता, तिच्या शाळेत तो कोणी विचारणार नव्हते. वाड्यातली मुले अंगणात किल्ला करीत होती. हिनेही आपल्या किल्ल्यासाठी पाटीभर माती आणून ठेवली होती आणि तिच्यावर घाईघाईने हळीव टाकून ठेवले होते. "औटकी बिनचूक म्हण, मग किल्ला," असे मी सांगितले. सहापर्यंत ती यायची आणि सातापाशी अडायची. सात औटे किती? अडली की पट्टी टेबलावर आपटायची. टेबलावर, असे मी अजूनही म्हणतो. दोनदा ती टेबलावर आपटली नाही.

त्या वर्षी तिचा किल्ला झालाच नाही. भाऊबीज उलटून गेली तरी अंगणाच्या कोपऱ्यात मातीचा ढीग तसाच होता, आणि त्यावर हळीव हिरवेगार उगवून आले होते. पुढच्या वर्षी "किल्ला करायचा ना?" असे मीच विचारले. "नको," ती म्हणाली. त्यानंतर तिने कधीच केला नाही.

असा माझा शिक्षक म्हणून लौकिक. तरीदेखील छकुलीच्या सुट्टीचे पहिले तीन दिवस मी वेळापत्रक केले. नऊ ते दहा गणित, दहा ते साडेदहा मराठी वगैरे. पट्टी खणात होती आणि आवाजही मी खालीच ठेवला होता. पण गणिताच्या तासाला छकुलीला सहा वेळा तहान लागली आणि मराठीच्या तासाला पोटात दुखू लागले. सौ. म्हणाली, "पोरीला शाळेतून सुट्टी मिळाली म्हणून ती आपल्याकडे आली. तुम्ही इथे दुसरी शाळा काढलीत."

चौथ्या दिवशी सकाळी छकुली अंगणात उभी राहून अजिंक्यताऱ्याकडे बघत होती. आमच्या मागच्या अंगणातून तो सबंध दिसतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. ती यादी छकुलीच्या वर्गात वाचून दाखवली होती. "त्यात आपला अजिंक्यतारा नाही," ती म्हणाली. "मग आपणच करू या का?"

क्षणभर मी गप्प राहिलो. मग इतक्या घाईने "हो" म्हणालो, की ती माझ्याकडे बघतच राहिली.

वह्यांची पिशवी खुंटीलाच राहिली. पण गंमत अशी की, पिशवीतले विषय एकेक करून आपणहून अंगणात उतरले. पहिले आले गणित. किल्ला केवढा करायचा? गड शहरापासून सुमारे तीनशे मीटर उंच आहे, असे मी सांगितले. मोजायला काही हवे म्हणून ती घरात धावली आणि मी नको म्हणायच्या आत खणातली पट्टी घेऊन आली. दोन पट्ट्या उंच करायचा, असे तिने ठरवले. दोन पट्ट्या म्हणजे साठ सेंटिमीटर. मग खडूने फरशीवर रेघ ओढून तिने अर्धे अर्धे करीत हिशेब केला: तीस म्हणजे दीडशे मीटर, दहा म्हणजे पन्नास, आणि एक सेंटिमीटर म्हणजे पाच मीटर. मी मधे तोंड घातले नाही. किती कष्ट पडले ते माझे मला ठाऊक!

दुपारी बाजारातून प्लास्टरचे मावळे आणले. तिने एक पट्टीला लावला आणि पाच सेंटिमीटर भरला. थोडा विचार करून ती एवढ्या मोठ्याने हसली, की सौ. चकलीचा सोऱ्या हातात घेऊन बाहेर आली. "आजी, हा मावळा पंचवीस मीटर उंच आहे!" मग खरा मावळा केवढा हवा? तिने पाटावर आकडे मांडले. सेंटिमीटरचा तिसरा हिस्सा निघाला. म्हणजे साधारण अर्ध्या तांदळाएवढा. सौ.ने डब्यातली तांदळाची कणी आणून दिली आणि आमचे सगळे सैन्य एका वाटीत मावले. मोठ्या मावळ्यांना छकुलीने देवघरापाशी पहाऱ्यावर उभे केले.

गुणोत्तर आणि प्रमाण मी शिकलो ते सूत्र पाठ करून. तो पंचवीस मीटरचा मावळा मला पंचाहत्तराव्या वर्षी भेटला.

तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "आजोबा, पाऊस चारच महिने. मग उन्हाळ्यात गडावरची माणसं काय प्यायची?" शिवाजी महाराजांनी सातारचा किल्ला १६७३ साली घेतला, औरंगजेबाने १६९९ साली त्याला वेढा घातला, १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यालाच झाला, या सनावळ्या मला झोपेतही म्हणता येतील. पण वेढ्यातली माणसे कुठले पाणी पीत होती, हे मला कधी विचारावेसेच वाटले नव्हते. "मला ठाऊक नाही. वर जाऊन बघू या," मी म्हणालो. मला ठाऊक नाही, हे वाक्य मी माझ्या मुलीसमोर एकदाही उच्चारले नव्हते.

आता वर गाडीरस्ता आहे. वाटेत बसत, टेकत आम्ही पोहोचलो. पावसाळा नुकताच सरला होता. तळी भरलेली होती. मंगळाईच्या देवळापाशी बसून मी तिला टाक्यांची गोष्ट सांगितली. आपले किल्ले काळ्या कातळाचे. त्यात टाकी खोदली की पावसाचे पाणी साठते आणि खोदताना निघालेला दगड तटाच्या कामी येतो. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात हेच बजावले आहे, की किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे आणि ते नसेल तर आधी कातळ फोडून पाण्याची सोय करावी.

घरी आल्यावर छकुलीने अंगणात तीन टाकी केली: एक वाळूचे, एक तांबड्या मातीचे, एक तुडवून मऊ केलेल्या काळ्या मातीचे. तिन्हींत एकेक वाटी पाणी ओतले. वाळूने ते तिथल्या तिथे गिळले, तांबडी माती थोडा वेळ झुंजली, काळीतले सकाळपर्यंत टिकले. परिसर अभ्यासाची वही खुंटीवरून हे सगळे पाहत होती.

हळीव तिने दोन जागी पेरले. एका जागेवर टोपली पालथी घातली. रोज सकाळी पट्टी लावून ती उंची लिहून ठेवी. टोपलीखालचे रोप जास्त उंच वाढले; पण पिवळे, लुळे, हात लावताच आडवे होणारे. "हे उजेड शोधत शोधत लांब झालंय," सौ. म्हणाली. मी त्या रोपांकडे जरा जास्त वेळ पाहत राहिलो असेन.

तिने आईला कार्ड लिहिले, किल्ला पाहायला ये म्हणून. त्यात तिने 'कील्ला' लिहिले होते. माझा हात तांबड्या पेनाकडे गेला, पण मी तो मागे घेतला आणि आपल्या संयमावर खूष झालो. दोन दिवसांनी वर्तमानपत्र चाळता चाळता तिला बरोबर शब्द दिसला. "आजोबा, तुम्हांला माहीत होतं? मग सांगितलं का नाही?" मला उत्तर सुचले नाही. न रागावणे आणि न सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे साधे व्याकरण मला नऊ वर्षांच्या मुलीने शिकवले.

आमच्या वादविवादातला इतिहासही सांगितला पाहिजे. गडावर मनोरे आहेत म्हणून छकुलीने खराट्याची काडी शिखरावर खोवली. "महाराजांच्या वेळी मनोरा नव्हता," मी म्हणालो. "पण आत्ता आहे ना? आणि आपण गड आत्ता बघितला," ती म्हणाली. काडी राहिली.

यात नवे काहीच नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, पुढे अनुताई वाघांसह त्या कोसबाडला गेल्या. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्यामागे कुरणात न्यावी, म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली. पाने, बिया, खडे हीच तिथली साधने. हे सारे मी नगरवाचनालयात बसून मोठ्या आदराने वाचले होते. आणि वाचून झाल्यावर घरी येऊन मुलीला औटकी विचारली होती. वाचनालय आणि घर यांमध्ये चालत दहा मिनिटांचे अंतर होते. ते कापायला मला पस्तीस वर्षे लागली.

वसुबारसेच्या संध्याकाळी माझी मुलगी आली. किल्ला होत आला होता. पायऱ्या तेवढ्या राहिल्या होत्या. छकुली ओल्या मातीत पट्टी दाबून एकेक पायरी उठवीत होती. पट्टीची रुंदी बरोबर पायरीएवढी होती. मुलगी फाटकाशीच थांबली. तिची नजर किल्ल्यावर नव्हती, मुलीच्या चिखलाने भरलेल्या हातातल्या पट्टीवर होती. मी पुढे झालो, काहीतरी सांगावे म्हणून. पण काय सांगणार?

"आई, ये ना! या पायऱ्या धर, घसरताहेत."

तिने खांद्यावरची पर्स कट्ट्यावर ठेवली, ओढणी कमरेला खोचली आणि ती मातीत बसली. दोघी काम करू लागल्या. थोड्या वेळाने छकुलीने विचारले, "आई, पट्टी साडेतीन सेंटिमीटर रुंद आहे. सात पायऱ्या झाल्या. मग चढ किती झाला?"

"साडेचोवीस," वर न बघता मुलगी म्हणाली.

आणि मग तिने वर बघितले. पाढा तिच्या पाठीशी राहिला होता. किल्ला मात्र राहून गेला होता. कचेरीत असतो तर ही रक्कम मी कोणत्या बाजूला मांडली असती, कोण जाणे.

"त्या वर्षी मी तुला किल्ला करू द्यायला हवा होता," मी म्हणालो. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

"हो," ती म्हणाली. एवढेच म्हणाली. मग हात पुढे करून म्हणाली, "बाबा, काळी माती द्या. बुरूज खचतोय."

मी माती कालवायला बसलो. आत सौ.ने गाय-वासराच्या पूजेची तयारी केली होती आणि ती तिघांनाही हाका मारीत होती. आमच्यापैकी कोणीच उठले नाही.

पट्टी अजून खणातच असते. तिच्या आकड्यांत माती बसली आहे. ती मी पुसलेली नाही.