दूधवाल्याची रॅले

भंगारातली सायकल कारखान्यातून निघाली त्या दिवशी जशी होती तशी करून दाखवायची, हे माझं ब्रीद होतं. आता ते राहिलेलं नाही. या विषयावर ज्यांच्याशी मी तावातावाने भांडलो आहे, त्यांना हे माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहितो.

पुण्यात या नादाला खतपाणी भरपूर. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात कधी रॅलेची फ्रेम मिळते, कधी हंबरचा तो दुहेरी पात्यांचा चिमटा, कधी ब्रूक्सच्या चामडी सीटचा नुसता सांगाडा. एक गाडी पुरी करायला दुसऱ्या दोन मोडायच्या, हा आमच्यातला रिवाज. मोडली जायची ती बहुधा देशी. आसनसोलच्या सेन-रॅलेचे मडगार्ड काढून घ्यायचे आणि उरलेली गाडी परत भंगारात! विलायतेतल्या नॉटिंगहॅमची ती देवघरात, आसनसोलची उंबऱ्याबाहेर. हे सोवळं मीही पाळलं.

त्यात एका दूधवाल्याची रॅले हाती आली. मागे लोखंडी अँगल वेल्डिंग करून केलेला कॅरिअर, दोन्ही बाजूंना किटल्या अडकवायचे आकडे, कड्या घासून घासून आतून चकचकीत झालेले. हँडलखाली नगरपालिकेच्या सायकल-कराच्या बिल्ल्याची भोकं. मागचा हब स्टर्मी-आर्चरचा, तीन गिअरचा, त्यावर ‘५२’ हा सालाचा ठसा. गिअरचा खटका मात्र गायब, आणि हबमधून येणारी तार ओढून नट-बोल्टने फ्रेमला आवळून टाकलेली. गिअर गेला असणार, कुणा कारागिराने वेळ मारून नेली असणार, असं म्हणत मी पाना लावला.

हब उघडला तर आत सगळं ठणठणीत! एक दातही झिजलेला नव्हता.

मग डोक्यात प्रकाश पडला. या हबची तार सुटली की गाडी आपोआप सर्वांत जड गिअरमध्ये जाते, आणि तार पूर्ण ताणली की सर्वांत हलक्यात. किटल्या लादून रोज चढ चढणाऱ्या माणसाला इतर दोन गिअर काय करायचे होते? त्याने हवा तो एक निवडला आणि आवळून टाकला. बिघाड नव्हताच तो. नॉटिंगहॅमच्या यंत्राबद्दल त्याने दिलेला निकाल होता, आणि मी तो पुसायला निघालो होतो.

काळा रंग आणि सोनेरी रेघा आज कुठल्याही फ्रेमवर मारून मिळतात. क्रोम तर मागाल तेवढं. तो बोल्ट तसा कुणी परत आवळून देणार नाही. कारखान्यात ही गाडी असून असून किती दिवस असणार? बाकीचं सगळं आयुष्य तिने रस्त्यावर काढलं, आणि आम्ही वाळूचा फवारा मारून खरवडून काढतो ते नेमकं तेच.

संग्रहालयाची गोष्ट वेगळी. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या संग्रहात दुसऱ्या महायुद्धातली छत्रीधारी सैनिकांची घडीची बीएसए आहे. तशी गाडी मुळात कशी होती हे पाहायला मिळालंच पाहिजे. पण घरोघरीच्या गाड्यांना तोच कायदा लावायचं कारण नाही.

मी काही सगळंच राखत बसत नाही. चिमट्याला चीर असेल तर चिमटा बदलतो. सळईच्या ब्रेकचे गट्टू रिमला आतून लागतात, तिथला मुलामा उडून लोखंड खाल्लं गेलं असेल तर रिम नवी. गंजाचं कौतुक करणाऱ्यांशी माझं अजूनही जमत नाही.

या रॅलेची चाकं आउट काढून, छर्रे बदलून गाडी चालती केली. कॅरिअर, आकडे, बोल्ट जागच्या जागी. मित्र म्हणतात, अशीला निम्मा भावही येणार नाही. खरं आहे. आणि पूर्ण सचोटीने सांगायचं तर सीट मी बदलली. त्याची होती तिला पोत्याचं फडकं गुंडाळलेलं होतं आणि त्यातून एक स्प्रिंग वर आली होती. तिथे तत्त्व बाजूला ठेवलं आणि ब्रूक्स बसवली.